आमची माथेरानची सुट्टी



या व्यासपीठावर आम्ही नव्या कामगार-संहितांवर बोलावे अशी चालकांची अपेक्षा होती. आम्ही उलट टपालाने विषय कळविला, 'आमची माथेरानची सुट्टी'. तेव्हा त्यांना वाटले की कोणा प्रवासवर्णनकाराचे पत्र चुकून आमच्या पाकिटात पडले असावे. तसे काही झालेले नाही. वसंत ऋतूत लोकांना सुट्टी असते, म्हणून तर ही व्याख्याने भरतात. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली हा प्रघात पाडला. तेव्हा सुट्टीच्या दिवसांत सुट्टीविषयीच बोलावे, असा आमचा साधा हिशेब आहे.

आणखी एक खुलासा. आम्ही 'आम्ही' म्हणतो तो मोठेपणाने म्हणत नाही. बाजाराच्या आवारात तीस वर्षे हमालांच्या वतीने बोलता बोलता 'मी' म्हणावयाची सवयच गेली. घरात चहा मागतानासुद्धा आमच्या तोंडून 'आम्हांला' असेच निघते, आणि आमची आई विचारते, "किती कप?"

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. वडील हमाल होते, आई त्याच आवारात धान्य निवडावयास जाई. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर. तेथे वाचलेल्या ज्या गोष्टी मनात घर करून राहिल्या, त्यांतली एक म्हणजे सुट्टीचा इतिहास. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सरकार आणि मालक यांच्याकडे अर्जविनंत्या करून, सभा भरवून, त्यांनी सहा वर्षे रेटा लावला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळेतल्या पोराला वाटते की रविवार हा पंचांगातच सुट्टी होऊन जन्माला आला! पुढे १९३६ साली फ्रान्समध्ये प्रचंड संप झाले आणि तेथल्या कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. आमच्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरविली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने ती २४० ची अट १८० वर आणली आहे. त्या संहितांबद्दल आमच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण हे एक कलम बरे आहे, आणि बऱ्याला बरे म्हणावे. ज्या चालकांना आमच्याकडून संहितांवर भाषण हवे होते, त्यांनी एवढ्यावर समाधान मानावे.

आता गंमत अशी की ही रजा मिळाली तरी कामगार तिचे काय करतो? शिमग्याला गावी जातो, गणपतीला गावी जातो, बहिणीच्या लग्नात राबतो, घराची कौले चाळतो. केवळ बसून राहण्यासाठी, डोंगर बघण्यासाठी रजा घ्यावयाची, ही कल्पनाच त्याला चोरीसारखी वाटते. हमालाची गोष्ट तर आणखी निराळी. १९६९ चा माथाडी कायदा होईपर्यंत त्याला मालक कोण हेच सिद्ध करता येत नसे, मग रजा कोणाकडे मागणार? आमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकच मोठी विश्रांती घेतली, पाठीचा मणका सरकला तेव्हाची.

आणि आमचे स्वतःचे म्हणाल, तर संघटनेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याला मालकच नसतो, त्यामुळे त्याच्या रजेसाठी भांडणारेही कोणी नसते. रजेच्या हक्कावर आम्ही शेकडो सभा केल्या, पण मुलांना घेऊन कोठे गेलो नाही. शेवटी २०१९ च्या मे महिन्यात आमच्या थोरल्या मुलीने बारावीची परीक्षा दिल्यावर जाहीर केले की, बाबा, आता आमचा मागणीपत्रक. मागणी एकच. चार दिवस माथेरान. मुदत आठ दिवस. त्यानंतर संप. घरच्या मंडळींनी पाठिंबा दिला आणि आम्ही बिनशर्त शरण गेलो.

माथेरान आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच, माथ्यावर दाट रान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० साली तेथे चढले आणि साहेबांची हवा खाण्याची सोय झाली. नेरळहून वर जाणारी दोन फूट रुंदीची चिमुकली रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती पीरभॉय घराण्याने आपल्या पैशाने बांधली. पण या गावाचे खरे वैशिष्ट्य असे की येथे मोटारीला बंदी आहे. नेरळकडून येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, आणि तेथून पुढे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीचा रस्ता पायांनी, घोड्याने, त्या छोट्या गाडीने किंवा, तेव्हा, हातरिक्षाने. केंद्र सरकारने २००३ साली हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाडांसाठी ही बंदी उत्तम आहे. तेथे कानाला जी शांतता लागते ती आम्ही आयुष्यात प्रथमच अनुभवली. मात्र जेथे मोटार जात नाही तेथेही भाजी जाते, दूध जाते, गॅसची टाकी जाते, विटा जातात, आणि प्रवाशांच्या बॅगा जातात. त्या कशाने जातात हे पाहावयास हमालाच्या पोराला दुर्बीण लागत नाही. खालच्या वाड्यांतून पहाटे चढून आलेल्या बाया डोक्यावर एकावर एक दोन बॅगा ठेवून चालल्या होत्या. आमचे कुटुंब हळूच म्हणाले, "आपण आवारातच आलो की काय?"

दस्तुरीला उतरलो तेव्हा छोट्या गाडीची तिकिटे संपली होती. आईचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. घोड्याला ती भ्याली. उरली हातरिक्षा. पुढे दांड्यात एक माणूस, मागून लोटणारे दोघे, आणि मध्ये बसणारा एक. रिक्षावाला आमच्यासमोर येऊन उभा राहिला. चाळिशीचा, पायांत झिजलेल्या चपला, खांद्यावर पंचा. आणि आम्ही, भर रस्त्यात, आईसमोर, मुलांसमोर, सांगितले की माणसाने ओढलेल्या गाडीत आमच्या घरचे माणूस बसणार नाही.

वाक्य चांगले होते. सभेत टाळ्या पडल्या असत्या. तेथे कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. आई काही न बोलता चालू लागली. रुळांच्या कडेने, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून, अर्धा किलोमीटर गेली असेल नसेल. मग एका झाडाच्या मुळावर ती बसली, आणि तिचा चेहरा पाहून आम्हांला कळले की आपण काय केले. मागे वळून पाहतो तो ती रिकामी रिक्षा सावकाश येत होती. तिघेही काही बोलले नाहीत. त्यांना अनुभवाने ठाऊक असावे की या वयाची बाई कोठवर चालते.

"आजी, बसा," एवढेच तो पुढचा म्हणाला. आम्ही पुन्हा काहीतरी सुरू केले. तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुम्ही बसवलं नाहीत तर मला काय पुण्य लागणार हाय? आज सकाळपासनं ही पयलीच फेरी."

आई उठली आणि गाडीत जाऊन बसली. आम्हांला म्हणाली, "तुझ्या बापानं पोतं उचलायचं नाही म्हटलं असतं, तर तू वाढला असतास कशावर?"

चढ लागला तेव्हा लाज वाटून आम्हीही मागून हात लावला. दहा पावले गेलो नाही तो मागचा माणूस म्हणाला, "दादा, हात काढा. तुमच्या जोरानं गाडी एका अंगाला ओढते, पुढच्याला त्रास." आम्ही हात काढला. त्या तिघांच्या पावलांना एक ताल होता, कोणी कोठे श्वास घ्यावयाचा हे ठरलेले होते, आणि त्या ठरलेल्या कामात आमचा कळवळा आडवा येत होता. थोडे पुढे जाऊन आई स्वतःच उतरली. त्या चढापुरती चालली आणि सपाटीला पुन्हा बसली. तिला कोणी सांगितले नव्हते. आयुष्यभर ओझी उचललेल्या बाईला चढाचे वजन कळत होते.

पुढचे चार दिवस मजेत गेले, हे सांगितले नाही तर मुले रागावतील. माकडांनी आमची चिक्की पळविली. टोकाटोकांची इंग्रजी नावे पाठ करून धाकट्याने आमची परीक्षा घेतली. शार्लोट तळ्याकाठी आम्ही दुपारभर नुसते बसलो. काहीही न करता बसण्याची ती आमची पहिलीच दुपार. पहिला अर्धा तास फार अवघड गेला, मग जमले. मुलीला आम्ही भाई कोतवालांची हकीकत सांगितली. याच माथेरानात १९१२ साली न्हाव्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा वकील झाला, नगरपालिकेत निवडून आला, बेचाळिसात आझाद दस्ता उभारून त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळीला छाती दिली. तिने विचारले, "तेव्हाही रिक्षा ओढतच होते का?" आम्ही म्हटले, होय. ती गप्प राहिली. मुलांनी गप्प राहू नये, वाद घालावा, असे आम्हांला फार वाटते, पण त्या दिवशी ती गप्प राहिली ते बरे झाले.

हॉटेलात ताटे उचलणाऱ्या पोराला आम्ही सवयीने विचारले, तुला सुट्टी कधी? तो म्हणाला, "पावसाळ्यात. हॉटेल बंद होतं तेव्हा." पगार? तो हसला. बिनपगारी सुट्टीला आमच्या भाषेत दुसरा शब्द आहे, बेकारी. तुमचा आमचा मे महिना हा त्याचा हंगाम. आम्ही विसावा घेतो तेव्हा तो दिवसाचे चौदा तास उभा असतो, आणि आम्ही घरी परतून कामाला लागलो की त्याच्या घरची चूल मंदावते. याचा अर्थ कोणी सुट्टीला जाऊच नये असा नव्हे. उलट, मंडळी गेलीच नाहीत तर तो पावसाळ्याआधीच रिकामा होईल. मात्र आपल्या खोलीच्या भाड्यात त्याच्या रजेचा पगार धरलेला आहे की नाही, हे विचारावयास काय हरकत आहे?

आता त्या रिक्षाकडे परत येतो, कारण खरा प्रश्न तेथे आहे. आवारात शंभर किलोचे पोते पन्नासावर आणावे म्हणून आम्ही भांडलो, तेव्हा सर्वांत आधी विरोध कोणी केला? व्यापाऱ्यांनी नव्हे, आमच्याच काही हमालांनी! हमाली पोत्यावर मिळे. पोते निम्मे झाले आणि दरही निम्मा झाला, तर तेवढ्याच पैशांसाठी खेपा दुप्पट. पाठ वाचली तरी पाय मोडावयाचे. त्यांची शंका खरी होती. दराचा करार आधी आणि वजनाचा नंतर, असे ठरले तेव्हाच ती माणसे आमच्यामागे उभी राहिली. हा धडा शिकलेले आम्ही माथेरानच्या नाक्यावर मात्र दर न ठरविताच पोते खाली ठेवावयास निघालो होतो.

माथेरानच्या रिक्षावाल्यांना हे आमच्याआधी कळलेले होते. त्यांचीच संघटना न्यायालयात गेली आणि म्हणाली, आमची ही गाडी काढून घ्या, पण तिच्या जागी विजेवर चालणारी रिक्षा द्या. घोडेवाल्यांनी हरकत घेतली, आणि त्यांनाही पोट आहे, हे विसरून चालणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये थोड्या ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून धावल्या. मग त्या कोणाला द्यावयाच्या यावर वाद लागला. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे आणि ती सहा महिन्यांत बंद करा. त्या निकालातला आम्हांला महत्त्वाचा वाटणारा भाग पुढेच आहे. सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन खऱ्याखुऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने चालवावयास द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० साली अमृतसरच्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्यात हीच वाट दाखविली होती. रिक्षा ज्याची त्यानेच ओढावी असा कायदा पंजाबने केला होता. हेतू भला, पण विकत घ्यावयास गरिबाकडे पैसा कोठला? तेव्हा न्यायालयाने कर्जाची व्यवस्था बसवून दिली. त्या निकालानंतर माथेरानला पंचेचाळीस वर्षे लागली.

निकालाची बातमी आम्ही आईला वाचून दाखविली. ती आता ऐंशीची झाली आहे, कमी ऐकते, पण हे तिने नीट ऐकले. तिने विचारले, "आपल्या त्या माणसाला मिळाली का रे बॅटरीची गाडी?"

आम्ही म्हटले, चौकशी करतो. कार्यालयात जाऊन ओळखीच्यांना फोन लावावयास बसलो आणि तेव्हा लक्षात आले की विचारावयाचे कोणाविषयी? वर्गणीची पावती फाडताना आम्ही प्रत्येक हमालाचे नाव, बापाचे नाव, गाव, बिल्ला क्रमांक लिहून घेतो. तीस वर्षांत एक पावती बिननावाची फाडलेली नाही. त्या तिघांशी मात्र आम्ही माणुसकीविषयी बोललो, भाडे दिले, वर चार पैसे जास्त दिले, आणि नाव एकाचेही विचारले नाही.

आईला अजून खरे उत्तर दिलेले नाही. येत्या मे महिन्यात पुन्हा जावयाचे ठरले आहे, ती येईन म्हणते.