गुरूची ओढ

श्रोतेहो, मुंबईस आलात तर गिरगाव चौपाटीवर भरती आणि ओहोटी दोन्ही पाहून जा. चंद्र पृथ्वीची जवळची बाजू जास्त ओढतो, पलीकडची कमी. या फरकाने समुद्र दोन्हीकडे फुगतो.

आता गुरू घ्या. वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट! त्याचा आयो नावाचा चंद्र त्याच्यापासून सुमारे ४ लाख २२ हजार किलोमीटरवर, आपला चंद्र आहे त्याहून थोडाच दूर. पण तिथे भरती येते ती खडकाला. वाट नेमकी वर्तुळाकार नाही, म्हणून ओढ कमीजास्त होते. कणीक तिंबावी तसा आयो तिंबला जातो, आतून तापतो, ज्वालामुखी ओकतो. १९७९ साली व्हॉयेजर यानाने ते टिपले.

शूमेकर-लेव्ही धूमकेतूची गत तर याहून वाईट. १९९२ च्या जुलैत तो गुरूच्या फार जवळून गेला आणि त्याचे वीसहून अधिक तुकडे झाले. १९९४ च्या जुलैत ते एकामागून एक गुरूवरच कोसळले.

गुरुजी, मुले विचारतील, ही ओढ आपल्याला बाधते का? गुरुबळ पाहणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. पण अगदी जवळ आला तरी गुरू सुमारे ५९ कोटी किलोमीटर दूर. चौपाटीचे पाणी चंद्राचे ऐकते, थोडेबहुत सूर्याचे.