किल्ली वहीत की डोक्यात?

दोन वर्षांपूर्वी आमचे दाजी अचानक गेले. विम्याचे हप्ते, मुदतठेवी, विजेचे बिल, सारे व्यवहार ते संगणकावरून करीत आणि पासवर्ड डोक्यात ठेवीत. तेराव्यानंतर ताईने विचारले, "कुठे काय ठेवलंय, हे तरी कळेल का रे?" वारसनोंद होती म्हणून बँकेतले पैसे मिळाले, पण विम्याच्या पॉलिसी कोणत्या आणि किती, हे सगळे त्यांच्या ई-मेलमध्ये. सुदैवाने त्यांचे सिमकार्ड आम्ही बंद केले नव्हते. त्यावर आलेल्या ओटीपीने ते कुलूप एकदाचे उघडले.

दाजींचा डोक्यावर भरवसा. माझाही होता. पण डोके आळशी असते. ते एकच पासवर्ड तयार करते आणि दहा ठिकाणी लावते. खरा धोका इथे आहे. २००९ साली रॉकयू ह्या अमेरिकी कंपनीकडून तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीला गेले. त्यांत लोकांचा सर्वांत लाडका होता १२३४५६! एकीकडे हाती लागलेली किल्ली चोर मग बाकीच्या दारांनाही लावून पाहतात. म्हणून प्रत्येक खात्याला निराळा पासवर्ड हवा, आणि चाळीस पासवर्ड पाठ ठेवणे कुणालाच जमायचे नाही.

मग सरळ लिहून ठेवा. दचकू नका. ब्रूस श्नायर ह्या सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्ये हाच सल्ला दिला होता: कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा, कारण कागदाचे चिटोरे सांभाळायची सवय आपल्याला असतेच. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातल्या वहीपर्यंत पोहोचत नाही. वहीत मात्र पासवर्ड अर्धाच लिहावा; एक ठरावीक शब्द मनात ठेवून तो पुढे जोडावा. एटीएमचा पिन मोबाइलमध्ये 'मामा' म्हणून साठवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. चोरालाही हे मामा ठाऊक असतात!

दुसरी वाट पासवर्ड मॅनेजरची. कीपास हा त्यातला एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम. तो अवघड पासवर्ड बनवूनही देतो आणि सारे सांकेतिक रूपात एका पेटीत ठेवतो. लक्षात ठेवायची ती पेटीची एकच किल्ली, पण ती दणकट हवी. २०२२ मध्ये लास्टपास कंपनीकडून अशा पेट्याच चोरीला गेल्या. ज्यांची किल्ली तकलादू, त्यांना खरी धास्ती. फासे टाकून शब्द निवडायची 'डाइसवेअर' ही रीत १९९५ पासून आहे: पाच फासे, ७७७६ शब्दांची यादी आणि त्यातून निघालेले सहा शब्द. नातवाचे नाव किंवा आवडत्या गाण्याची ओळ नको.

ताईने वहीच पसंत केली. ती तिच्या कपाटात असते. मनातला शब्द तिने लिफाफ्यात बंद करून माझ्याकडे दिला आहे. वर लिहिले आहे, "मी असेपर्यंत उघडू नये."