हाक कोणाची?

वडूजच्या अवर्षणी मुलखात शेतकरी पावसाची हमी नसताना घरातले बी मातीत टाकतो. ख्रिस्ती जीवनातही हातचे सोडण्याची वेळ येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पंचावन्नी गाठल्यावर, १९१७ साली, मिशनची पगारी सेवा सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या वयात मन निर्वाहाची चिंता करते. त्यांनी प्रभूची हाक मानली.

परंतु हाक प्रभूची की आपल्याच मनाची, हे ओळखावे कसे? आपली लहर बहुधा लाभ पाहते व उतावीळ असते. प्रभूची हाक त्याग मागते. तथापि त्यागातही अहंकार लपतो. म्हणून प्रार्थना, पवित्र शास्त्र व मंडळीतील वडिलांचा सल्ला यांच्या कसोटीवर ती घासून पाहावी. कसोटीस उतरली, तर मात्र भिऊन थांबू नये.