अक्कलकोटचा अर्धा क

आपल्या अक्कलकोटचे नाव पाटीवर लिहायला सोपे. अ, मग जोडाक्षर क्क, ल, को आणि ट. दुसरीतले पोरही लिहील. पण हेच नाव संगणकात शिरले की कधी कधी त्याची ओळख पटेनाशी होते. ती का, ते आज पाहू.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडा कळतो. इंग्रजीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेद आहे, म्हणून तिथे मोठ्या 'ए'ला ६५ आणि लहान 'ए'ला ९७ असे निरनिराळे आकडे. आपल्या बाळबोधीत हा भेदच नाही; शेजारच्या कानडीतही नाही.

मग मराठी कशी उमटवायची? पुष्कळ वर्षे एक युक्ती चालली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि वर चित्र मराठीचे डकवायचे. कृतिदेव हा फॉन्ट असाच. त्यात लहान 'डी' म्हणजे पुरा क, मोठा 'डी' म्हणजे अर्धा क्. लहान 'व्ही' म्हणजे अ आणि मोठा 'व्ही' म्हणजे चक्क ट! कागदावर छापले की सारे झकास दिसते.

गोम पुढेच आहे. नावांच्या याद्या ज्या कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतात, तिथे लहान-मोठी लिपी बरेचदा एकच मानतात. इंग्रजीपुरते ते ठीकच. पण कुणी सारी यादी लहान लिपीत उतरवली, तर अक्कलकोटचे होते 'अककलकोअ'. गावाचे एक सोडा. विद्यार्थ्याच्या दाखल्यावरचे, पीकविम्याच्या अर्जावरचे नाव असे बिघडले, तर हेलपाटे कुणाला?

१९९१ साली युनिकोड आले. त्यात अ चा आकडा २३०९, क चा २३२५, ट चा २३३५. सगळे आपले स्वतःचे. अर्ध्या क् ला वेगळा आकडा नाही. क पुढे २३८१ हा हलन्ताचा आकडा येतो, म्हणजे गुरुजी शिकवतात तसा अक्षराचा पाय मोडायचा.

कोठाराचे स्वतःचे नाव मात्र रोमन लिपीत, सगळे लहान अक्षरांत ठेवावे. मायएसक्यूएलमध्ये मोठ्या अक्षराने लिहिलेले नाव विंडोजवर चालून जाते. लिनक्सवर तेच निराळे ठरते.

शिक्षकांनी जुन्या याद्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि मग हजेरीपटाशी ताडून पाहाव्यात. आधी जोडाक्षरांची नावे काढा. मल्लप्पा, सिद्धप्पा, अक्कव्वा. आपल्या तालुक्यात ती घरोघरी आहेत.