परसबाग : पाण्याचा पहिला धडा

नीरेकाठच्या अकलूज परिसरात उसाचे हिरवे मळे पाहत वाढणाऱ्या मुलाला हा मुलूख मुळात पर्जन्यछायेतला आहे, हे सहसा उमगत नाही. कालव्याने समृद्धी आणली. पाण्याचे मोल शिकवायचे राहिले. ते शिकविण्याचे साधन म्हणजे शाळेची परसबाग.

शालेय पोषण बागांसाठी केंद्र शासनाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. मेथी, पालक, शेवगा शाळेतच पिकावा आणि मध्यान्ह भोजनात यावा, ही त्यामागील कल्पना.

परंतु बागेची खरी परीक्षा वैशाखात होते. शाळेला सुटी लागते आणि रोपे माना टाकतात. म्हणून ती एकट्या शाळेची असून भागत नाही. आजीने राखलेले गावरान बियाणे, शेतकऱ्याने न जाळता दिलेले पाचट आणि शेजारच्या घरांनी वाटून घेतलेली पाण्याची पाळी यांवरच ती तगते. पाचटाने ओल टिकते, तण दबते, पुढे त्याचेच खत होते. उघड्या आणि झाकलेल्या वाफ्यात मुलाने बोट घालून पाहिले, की हा धडा विसरत नाही.

आज तांब्याने रोपाला पाणी घालणारा हात उद्या उसाला दारे धरतानाही पाणी मोजूनच सोडील.