सरकती मूठ आणि कामगाराचा हात



कामगार चळवळीतल्या माणसांनी या व्यासपीठावरून संगणकाच्या पडद्यावरील एका पट्टीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण ‘रेंज स्लायडर’ नावाच्या या पट्टीवरची मूठ सरकवूनच आज कितीतरी ठिकाणी कर्जाची रक्कम आणि फेडीची मुदत ठरवावी लागते. यंत्रात बोटे गमावलेला, नजर अधू झालेला किंवा हात थरथरणारा माणूस त्या मुठीपाशी अडला, तर तो व्यवहाराबाहेर पडतो. म्हणून हा प्रश्न आम्ही आमचा मानतो.

२०१४ साली प्रमाण म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये ही पट्टी तयार मिळते. बाणाच्या कळीने मूठ एकेक पायरी सरकते. ‘होम’ने आरंभाला, ‘एंड’ने अखेरीला जाते. स्क्रीन रीडर आकडा वाचून दाखवतो. हे सारे हक्क न झगडता पदरात पडलेले आहेत.

मग घात कुठे होतो? सजावटीत. तयार पट्टी डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती फेकून रिकाम्या ‘डिव्ह’ची नक्कल उभी करतात आणि ती माउसपुरतीच चालवतात. रूप आले, हक्क गेले! वास्तविक ‘अपिअरन्स: नन’ लिहिले की फक्त जुना पेहराव उतरतो, चालण्याची रीत तशीच राहते. मग हवे ते रंग द्यावेत. मात्र क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या मुठींचे नियम वेगवेगळे लिहावेत. स्वल्पविरामाने जोडले, तर अनोळखी नाव पाहून क्रोम अख्खा नियमच टाकून देतो.

रंगालाही शिस्त हवी. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या मार्गदर्शक नियमांप्रमाणे मूठ आणि तिच्यालगतचा रंग यांत निदान ३ : १ फरक हवा, बोट टेकण्याची जागा सामान्यतः २४ × २४ सीएसएस पिक्सेल तरी हवी. कळफलकाने मुठीवर आल्यावर उमटणारी कडा ‘आउटलाइन: नन’ लिहून पुसू नये, पुसलीच, तर ‘फोकस-व्हिजिबल’ने दुसरी ठळक कडा द्यावी. नुसत्या ‘३६’ने अर्थबोध होत नसेल, तर ‘आरिया-व्हॅल्यूटेक्स्ट’मध्ये ‘३६ महिने’ लिहावे. आणि शेजारी आकडा टंकण्याची चौकट ठेवावी. ओढणे ज्याला जमत नाही, त्याला ती आधार होते.

हे दानधर्माचे काम नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला.

पट्टी घडवणारा तरुणही पगारदारच आहे. मुदतीचा दांडा त्याच्या पाठीवर असतो. तेव्हा त्याला दोष देऊन भागणार नाही. तपासणीचा वेळ कामाच्या तासांतच धरला पाहिजे, ही मागणी त्याच्या वतीने आपण केली पाहिजे. तपासणी तरी किती? माउस बाजूला ठेवावा, टॅब कळीने मुठीपर्यंत जावे आणि बाण दाबावा. मूठ हलली, दिसली, बोलली, तर पट्टी सर्वांची. नाहीतर ती धडधाकटांचीच मिरासदारी!