कार्ड आहे, डॉक्टर कुठे आहे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाची वेचणी सोडून तुम्ही आलात, म्हणून थेट कामाचेच बोलतो.

आपल्या घराघरात आता सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड आले आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव दिले. २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांचा आकडा आला. आज राज्यात सगळ्यांनाच योजना लागू आहे. कागदावर आपण कधी नव्हे इतके सुरक्षित आहोत.

मागच्या हंगामात आमच्या गावातल्या एका वहिनींच्या अंगावरून सारखे जात होते. ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे ऑपरेशनची खोली आहे, टेबल आहे, दिवा आहे; भूल देणारा डॉक्टर नाही. जिल्ह्याची चिठ्ठी मिळाली. जिल्ह्याला तीन खेपा झाल्या. एकदा रक्त कमी, एकदा खाट नाही, एकदा डॉक्टर रजेवर. शहरातल्या खासगी दवाखान्यात कार्ड दाखवले, तर उत्तर आले की गर्भपिशवीचे ऑपरेशन योजनेत सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहे. असा नियम उगाच होत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीच्या बायांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, त्याची २०१९ मध्ये चौकशी झाली होती. पण जिथे राखीव आहे तिथे डॉक्टर नाही, आणि डॉक्टर आहे तिथे कार्ड चालत नाही. शेवटी घरातला कापूस पडत्या भावात खेडा खरेदीवाल्याला घातला आणि रोख मोजून ऑपरेशन केले.

विमा म्हणजे दवाखान्याचे बिल भरण्याची हमी. डॉक्टर असण्याची हमी नव्हे. हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्र उघडतच नाही, तसलाच हा प्रकार. शिवाय ऑपरेशनचा दर सरकार ठरवणार आणि बिलेही थकवणार. एकाधिकार खरेदीत कापूस घालून चुकाऱ्यासाठी हेलपाटे मारलेल्यांना वेगळे सांगायला नको, की असे गिऱ्हाईक आले की विकणारा माल मागे ठेवतो. खासगी दवाखानेही तेच करतात. त्यांना नुसत्या शिव्या देऊन खाट मिळणार नाही.

सरकारचेच माप पाहा. तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सव्वा लाखाच्या आसपास एक मोठे रुग्णालय, तिथे सर्जन, फिजिशियन, बायांचा आणि मुलांचा डॉक्टर. केंद्राच्या २०२१-२२ च्या आकडेवारीत देशभरच्या अशा ग्रामीण रुग्णालयांत गरजेच्या मानाने तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. म्हणजे पाच हवेत तिथे एक. विम्याचा पैसा मग जिथे डॉक्टर आहेत त्या शहरात जातो, आणि आपण गाडीभाडे देऊन त्याच्यामागे जातो.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणाऱ्याला भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, की पाच लाखांचा आकडा कामाचा नसतो. जवळ, लगेच, विष ओळखणारा डॉक्टर लागतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे. कार्डवाटपाचे मेळावे पुरे झाले. आधी ग्रामीण रुग्णालयातल्या जागा भरा, निदान भूलतज्ज्ञाची. भरता येत नसेल तर राखीव ऑपरेशन तपासणीनंतर खासगीत करू द्या आणि त्याचे चुकारे वेळेवर द्या.

तोवर एवढे ध्यानात असू द्या: तातडीच्या रोग्याला योजनेतल्या दवाखान्यात फोनवर मंजुरी घेऊन भरती करता येते, कागद मागाहून चालतात. तिथे आरोग्यमित्र बसतो, त्यालाच आधी गाठा. पैसे मागितले तर पावती मागा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपल्या रुग्णालयात जागा मंजूर किती, भरलेल्या किती, आणि भूल देणारा डॉक्टर कोणत्या वारी येतो, हे लिहून आणावे.